दव झाडणारा माळी

बांधावरचे गवत वाळले तर आपण त्याचे दुःख करीत नाही. पण ज्याचे पोट गवतावरच चालते, त्याचे काय? अशा माळ्याचे काम आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

ब्रिटनमध्ये गोल्फ नावाचा खेळ खेळतात. काठीने लहानसा चेंडू मारायचा आणि जमिनीतल्या भोकात घालायचा. भोकाभोवतीचे गवत गालिच्यासारखे लागते. माळी ते कापून ज्वारीच्या दाण्याएवढेच उंच ठेवतो. एवढ्याशा पात्याला जोर तो किती असणार!

तिकडे सप्टेंबर सरला की हवा गार होते. दिवस लहान होतो. पाऊस रिमझिमतो. दव लवकर सुकत नाही. मग गवतावर बुरशी येते. तिकडचे माळी तिला फ्युजेरियम म्हणतात. आधी रुपयाएवढा तांबूस डाग दिसतो. बघता बघता तो बशीएवढा होतो. ओल्या सकाळी डागाच्या कडेला कापसासारखे तंतू दिसतात.

उन्हाळ्यात गवत वाढते आणि डाग भरून येतो. थंडीत वाढ जवळजवळ थांबते. नोव्हेंबरात पडलेला डाग मार्च-एप्रिलपर्यंत तसाच राहतो. म्हणून रोग येण्याआधीच जपायला हवे.

पूर्वी आयप्रोडिओन नावाचे औषध मारीत. डाग दिसल्यावरही ते लागू पडे. पण माणसाला आणि जमिनीतल्या पाण्याला त्याचा धोका आहे, असे युरोपातल्या तज्ज्ञांचे मत पडले. २०१८ साली ब्रिटनमध्ये ते बंद झाले. आता करायचं काय?

माळ्याने बुरशीची गरज ओळखली. तिला ओल हवी. मग ओलच टिकू द्यायची नाही! तो सकाळी लांब लवचीक काठी गवतावरून फिरवतो आणि दव झाडतो. सावली करणाऱ्या फांद्या तोडतो. ऊन येते, वारा खेळतो. जमिनीला बारीक भोके पाडतो, म्हणजे पाणी मुरते. नत्राचे खत हात राखून देतो. जास्त नत्राने पाते लुसलुशीत होते, आणि ते बुरशीला फावते. औषध आजही लागते. पण हवा पाहून, वेळेवर आणि मोजून. एकच औषध सारखे मारले, तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

आपल्याकडे नाशिक-सांगली भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावर केवडा येतो. तो रोग वेगळा. पण त्यालाही ओले पान लागते. म्हणून जाणता बागाईतदार जादा फुटी काढतो आणि वेलीत वारा खेळू देतो.

तेव्हा मंडळी, पंप खांद्यावर घेण्याआधी सकाळी शेतात जा. पानाला हात लावा. ओल किती वेळ टिकते, ते पाहा. रोगाची पहिली खबर तिथेच मिळते.

उत्तरे लिहा :
१. थंडीत पडलेला डाग लवकर का भरत नाही?
२. माळी दव का झाडतो?
३. तुमच्या शेतात दव सर्वांत उशिरा कुठे सुकते? का?