रेड डॉट घेताना: कार्बाइनवरच्या लाल ठिपक्याचा पूर्ण हिशेब

अमेरिकेत एआर-१५ धाटणीची कार्बाइन घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट) कोणता बसवायचा? दुकानाच्या काचेच्या कपाटात ४० डॉलरपासून ८५० डॉलरपर्यंतचे नग शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि वरवर पाहता सगळे सारखेच दिसतात. पहिल्या खरेदीसाठी नामांकित कंपनीचा १२० ते २०० डॉलरचा नग पुरेसा आहे. त्याहून जास्त पैसे हाताशी असतील तर ते आधी काडतुसांवर आणि सरावावर खर्च करावेत.

आधी कायदा

रेड डॉट हे शस्त्र नव्हे, त्यामुळे ते कुणालाही विकत घेता येते. बंदुकीचे तसे नाही. ग्रीन कार्डधारकांना ती बाळगता येते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे थोडेच अपवाद आहेत. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही तपासावेत. बंदुकीची साइट निर्यात नियमांखाली येते, म्हणून भारतात जाताना ती बॅगेत टाकू नये.

किंमत कशाची?

आतल्या एलईडीचा प्रकाश पुढच्या काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका लक्ष्यावर आणला की झाले. मागची-पुढची माशी जुळवावी लागत नाही. एवढे काम स्वस्त नगही करतो. जास्त पैसे जातात ते तीन गोष्टींसाठी: धक्के खाऊनही झिरो (ठिपका आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) न हलणे, पाणी आत न शिरणे आणि बॅटरी वर्षानुवर्षे टिकणे.

साधारण बाजारभाव (विक्रीकर वेगळा)

• ४० ते ६० डॉलर: एअरसॉफ्टच्या खेळण्यावर ठीक. खऱ्या कार्बाइनच्या धक्क्याने यांचा झिरो सरकण्याची भीती असते.

• १२० ते २०० डॉलर: सिग सॉअर रोमिओ ५, होलोसन ४०३ वगैरे. ठिपका २ एमओए (अर्थ पुढे दिला आहे), बॅटरी सीआर२०३२. रोमिओ ५ पडून असताना आपोआप बंद होतो आणि बंदूक हलताच पेटतो.

• ४५० ते ५०० डॉलर: एमपॉइंट प्रो. चालू ठेवला तरी एका बॅटरीवर ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक.

• ६०० ते ८५० डॉलर: इओटेकची होलोग्राफिक साइट किंवा एमपॉइंट टी-२. टी-२ ची बॅटरी ५०,००० तास चालते. इओटेकची वर्तुळ-ठिपक्याची खूण जवळच्या लक्ष्यावर झटकन सापडते, पण सतत चालू ठेवल्यास बॅटरी काही आठवड्यांतच संपते.

ठिपका केवढा हवा?

१ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच. २ एमओएचा ठिपका तिथे २ इंच झाकतो, ६ एमओएचा ६ इंच. कार्बाइनसाठी २ एमओएच घ्यावा.

दुकानात करायची तपासणी

ठिपक्याऐवजी धूमकेतू किंवा द्राक्षाचा घड दिसला तर नग लगेच परत करू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. तिथे ठिपका गोल दिसला तर अडचण तुमच्या डोळ्यात आहे, बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझम. प्रकाश कमी करून किंवा चष्मा लावून फरक पडतो का बघा. तरीही ठिपका पसरटच दिसत असेल तर कोरीव खुणेची प्रिझम साइट पाहावी; तिला साधारण २५० ते ३५० डॉलर पडतात. ऑनलाइन बाजारात एमपॉइंट आणि इओटेकच्या हुबेहूब नकला फिरतात, म्हणून अधिकृत विक्रेताच गाठावा.

खरे बिल

साइट १४० डॉलर, घडी होणाऱ्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या जादा साइट्स ९०, जादा बॅटरी ५, झिरो करायला ६० काडतुसे ३०, रेंजचे शुल्क २०. एकूण २८५. माउंट (साइट बंदुकीवर बसवायचा आधार) सोबत येतो का हे विचारावे; नसेल तर ६० ते १५० डॉलर आणखी धरावेत.

बसवणे आणि झिरो

मॅगझिन काढा, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, मगच पाना हातात घ्या. स्क्रू माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कइतकेच आवळा आणि त्यांच्या डोक्यावरून माउंटपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू सैल झाला हे लगेच कळते.

झिरो ५० यार्डांवर करा. बहुतेक साइट्सवर एक क्लिक म्हणजे अर्धा एमओए, म्हणजे या अंतरावर पाव इंच. तीन गोळ्यांचा पुंजका २ इंच खाली गेला असेल तर ८ क्लिक वर. साइट नळीपासून अडीच-तीन इंच उंच बसते, म्हणून १० यार्डांवर गोळी ठिपक्याच्या सुमारे २ इंच खाली लागते. हा फरक सरावातूनच अंगवळणी पडतो.

मग महाग कुणी घ्यावे?

जे नियमित स्पर्धा खेळतात, पावसापाण्यात बंदूक वापरतात किंवा ज्यांची नोकरीच शस्त्राची आहे, त्यांनी. बाकीच्यांचे रोमिओ ५ आणि टी-२ यांच्यामध्ये सहाशे डॉलरांहून जास्त वाचतात. त्यात चांगल्या प्रशिक्षकाचा एक दिवसाचा वर्ग आणि वर कित्येक शे काडतुसे येतात. नेम त्यानेच सुधारतो.