बालवारकऱ्यांचा गळा

आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावच्या भजनी मंडळांतून आता लहान मुले टाळ घेऊन उभी राहतात, मुलीही राहतात, हे पाहून कोणाही वारकऱ्याला संतोषच होईल. परंतु या मुलांना गाणे शिकवायचे कसे, कोणत्या साधनाने, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मोठ्यांच्या मागे उभे केले आणि म्हटले, "म्हण रे!" एवढ्यावर आपले शिक्षण संपते.

माझ्या हातून घडलेली एक चूक आधी सांगतो. सेलू तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. दहा वर्षांचे एक पोर, गळा मोठा गोड. मंडळींनी पट्टी धरली पांढरी पाच. पोर चढले की लोक टाळ्या देत, आणि मीही त्याला पुढे करी. सात दिवस हेच चालले. काल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची माय दारात येऊन उभी. म्हणाली, "गुरुजी, पोट्ट्याचा आवाजच निंगून नाई राह्यला जी." डॉक्टरांनी तपासून सांगितले की ओरडून ओरडून स्वरतंतूंवर लहान गाठी आल्या आहेत, कापाकापी नको, पण कित्येक महिने जपावे लागेल. आवाज पुढे सुधारला. पोराने मात्र पुन्हा तोंड उघडले नाही. आज तो शेती करतो, दिंडीत मागे चालतो आणि ऐकतो.

झाले काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. मुलाचे स्वरतंतू आखूड व नाजूक असतात. मोठ्या माणसाच्या खालच्या घरात त्याला उतरता येत नाही, म्हणून ते एक सप्तक वर जाऊन गाते. तिथे पांढरी पाचचा तार षड्ज गाठायचा म्हणजे गाणे राहत नाही, आरोळी होते. शिरा फुगतात, हनुवटी वर जाते. हनुवटी वर गेली की पट्टी उतरवावी. याहून सोपी परीक्षा मला ठाऊक नाही. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर हळदीच्या दुधावर विसंबू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

मग मुलांची पट्टी कोणती? माझा अनुभव असा, की घरातल्या बायका ज्या पट्टीत ओवी म्हणतात त्याच पट्टीत मुले सुखाने गातात. पेटीवर पाहिले तर काळी चार किंवा काळी पाच. तिथून मध्य सप्तक सगळे हाती येते आणि चाल तार गंधारापर्यंत गेली तरी गळा ताणत नाही. म्हणून बालकांचा पहिला गुरू आजी किंवा आई. जाते गेले, पण ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावात आहेत. त्यांना मंदिरात सन्मानाने बसवावे आणि मुलांना समोर. बुवांना हे रुचेल की नाही, देव जाणे!

दुसरे साधन आपल्या खांद्यावरच असते. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत, पहाऱ्याने हातोहात देतात. पण तारा मिळवलेल्या आहेत का, हे कितीजण पाहतात? तारा सुरात मिळवल्या तर मुलासाठी तोच तंबोरा. पाच मिनिटे मुलांनी गप्प बसून ती ऐकावी, मग तोंड मिटून हुंकार धरावा, मग आकार. एवढे झाल्यावर अभंग. पेटी सुरुवातीला दूरच बरी, कारण पेटीचा मोठा आवाज मुलाचा बेसूर झाकून टाकतो आणि शिकवणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे. वीणा नसेल तेव्हा मोबाईलमधला तंबोरा लावण्यासही मला काही गैर वाटत नाही. मात्र त्याच मोबाईलवर थोरामोठ्या गवयांच्या ताना ऐकून मुलांनी त्यांची नक्कल करू नये.

श्वास शिकवायला हरिपाठासारखे पुस्तक नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग मोठ्या अभंगाच्या घाटाचे: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. मुलांना बोटांवर अक्षरे मोजायला लावावी. पहिल्या बारा अक्षरांनंतर एक श्वास, पुढच्या दहांनंतर दुसरा. कुठे थांबायचे हे छंदच सांगतो, आणि घाईघाईने अक्षरे गिळण्याची खोड आपोआप मोडते. पाठांतर होते ते वेगळेच.

लयीविषयी एक गोष्ट आपल्या वर्ध्यानेच देशाला सांगितली आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताईबरोबर संगीतही होते. मुलाने हाताने ताल धरावा, लयीत चालावे, सर्वांनी मिळून गावे, गाण्यांत लोकगीते व भक्तिगीतेही असावीत, असा त्याचा आशय. वाचून मला हसू आले. टाळी, पावली आणि सामुदायिक भजन! समितीच्या विद्वानांनी लिहिले ते आपली दिंडी शतकानुशतके करीत आली आहे. फक्त दिंडीत ते मुलासाठी म्हणून, मुलाच्या पायाच्या मापाने, कोणी करून घेत नाही. म्हणून आधी गाणे नकोच. टाळीवर पावली चार दिवस चालू द्यावी. मग लहान, हलके टाळ द्यावे. मोठे जड टाळ दिले की पोराचे सगळे लक्ष मनगटात अडकते. आपल्याकडे खंजिरी आहे, ती तर मुलांना फारच आवडते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) याच वाद्यावर गावेच्या गावे जागी केली, आणि १९३६ साली ते सेवाग्रामलाही राहून गेले होते.

पुस्तकांचे म्हणाल तर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी संपादिलेली 'आश्रम भजनावली' पाहावी. निवडक भजने आहेत, मराठी संतांचीही आहेत, आणि ती सामुदायिक प्रार्थनेसाठी निवडलेली असल्याने चाली सोप्या धरता येतात. पं. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग. त्यांतला पहिला सरगमसाठी उत्तम, पण त्यातल्या गीतांची हिंदी-ब्रज भाषा खेड्यातल्या मुलाला परकी. ज्या मुलाची ओढ टिकली त्याने पुढे १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेला बसावे. कीर्तनाकडेच वळायचे असेल तर जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस काढलेली वारकरी शिक्षण संस्था आहेच.

एक नाजूक प्रसंग राहिला. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो, जवळजवळ सप्तकभर खाली जातो, मध्येच दगा देतो. तेव्हा मंडळी हसतात आणि पोर लाजून मंडळ सोडते. किती चांगले टाळकरी आपण या हसण्यापायी घालवले असतील! त्या एक-दोन वर्षांत त्याला मृदंगावर बसवावे. गाणे अगदी बंद नको, हलक्या आवाजात, सोसेल तेवढेच. पण मुख्य काम हाताला. गळा स्थिरावेपर्यंत ताल पक्का होतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो. तेवढ्यावरून त्यांना गाणे सोडायला सांगू नये.

आमच्याकडे आता सप्ताहात सायंकाळचा हरिपाठ मुलांचा असतो. काळी पाच ठरलेली. वीणा एका आजीबाईंकडे. पुरुषांनी तेवढा वेळ फक्त टाळ धरायचा, तोही हलका. पहिल्या वर्षी पुष्कळ कुरकुर झाली, "हे काय भजन आहे काय जी?" असेही ऐकले. दुसऱ्या वर्षी कुरकुरणाऱ्यांपैकीच एकाने आपली नात आणून पुढच्या रांगेत उभी केली, आणि पेटीवाल्याने सवयीने पट्टी चढवली तशी त्यानेच मागून हात केला, "उतरव, उतरव."