खर्ज ऐकू यावा, शब्द बुडू नयेत : बेस गिटारचा अ‍ॅम्प निवडताना

२७ फेब्रुवारी जवळ येतोय. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच आपला मराठी भाषा गौरव दिन. यंदा मंडळानं कवितावाचनाच्या जोडीला कवितागायनही ठेवलंय. दोन गायिका, पेटी, साधी गिटार, कहॉन आणि बेस गिटार असा आमचा संच आहे. बेस मी वाजवतो. बाकीची वाद्यं आपापल्या आवाजात बोलतात. बेस गिटारला मात्र अ‍ॅम्पशिवाय वाचा फुटत नाही. तो अ‍ॅम्प घेण्यासाठी सभासदांनी वर्गणी काढली आहे. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे. हॉस्टेलमधल्या काही जणांनी महिनाभर बाहेरचा चहा-समोसा बंद करून पैसे दिले. लोकांचा पैसा म्हटलं की हिशेब देणं आलंच. खरेदी अजून व्हायची आहे, म्हणून आधी हा विचारांचा हिशेब मांडतो. पटला नाही तर पुढच्या बैठकीत जरूर विचारा.

खर्ज म्हणजे नेमकं काय?

तबल्याच्या जोडीतला डग्गा काढून घेतला तर काय होईल? ठेका चालू राहील, पण पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटेल. बेस गिटार डग्ग्यासारखीच जमीन पुरवते, फक्त सुरांत. तिच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. पुढच्या तीन तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८. लिओ फेंडर यांच्या कंपनीनं १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा माणसाएवढं उंच डबल बेस वाहून नेणाऱ्यांची पाठ थोडी मोकळी झाली. पण ओझं संपलं नाही, ते अ‍ॅम्पमध्ये गेलं! आपल्याकडे पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती जुनी गाणी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐका. इतकी वर्षं न ऐकलेलं एक वाद्य त्यात सापडेल.

आता थोडं भौतिकशास्त्र. ४१ कंपनांच्या सुराची एक लाट हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे एखाद्या वर्गखोलीएवढी. एवढी लाट उठवायची तर भरपूर हवा ढकलावी लागते, आणि हवा ढकलायची तर स्पीकरचा पडदा मोठा हवा. ८ इंची स्पीकरच्या तुलनेत १० इंचीचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त भरतं, १२ इंचीचं सव्वादोनपट. दोन इंचांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, कानाला तसा नसतो.

मग ८ इंची छोट्या अ‍ॅम्पमधून खालचा सूर ऐकू तरी कसा येतो? इथे आपला मेंदू मदतीला धावतो. तार फक्त ४१ कंपनं देत नाही. त्याबरोबर ८२, १२३ असे वरचे स्वरांशही देते. छोटा स्पीकर मूळ सूर जवळजवळ गिळतो, पण वरचे अंश नीट पोचवतो, आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. खोलीत सराव करताना हे छान चालतं. मोकळ्या अंगणात, कहॉनच्या शेजारी, तेवढ्यावर भागत नाही.

व्हॉल्व्ह की सॉलिड स्टेट?

जुन्या अ‍ॅम्पमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांचा आवाज गोड, यात वाद नाही. १९६९ साली आलेला अ‍ॅम्पेग कंपनीचा ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. पण त्याचा नुसता वरचा भाग, स्पीकरची पेटी सोडून, ३५ किलोंच्या वर भरतो. व्हॉल्व्हना स्पीकरशी जोडायला लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात.

१९४७ साली बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे हाच खेळ त्याच्यावर खेळता येऊ लागला. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पलाच सॉलिड स्टेट म्हणतात. तो हलका, स्वस्त, कमी तापणारा. स्कूटरवर दचके खाल्ले तरी आत फुटण्यासारखं काही नाही. अलीकडच्या काही अ‍ॅम्पमध्ये ‘क्लास डी’ पद्धतीचं सर्किट असतं, ते वीज उष्णतेत फार कमी वाया घालवतं. त्यामुळे वजन आणखी घटतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. ताकदीच्या वर ढकलला की व्हॉल्व्ह हळूहळू घोगरा होतो. ट्रान्झिस्टर एकदम कर्कश फाटतो. म्हणून सॉलिड स्टेट अ‍ॅम्प घेताना थोडी ताकद हातची राखून घ्यावी.

वॅटचा हिशेब

‘दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज’ असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! २५ वॅटचा अ‍ॅम्प सोडून ५० चा घेतला तर वाढ जाणवते, पण थोडीच. त्यामुळे वॅटच्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी स्पीकरचा आकार बघावा.

माझा अंदाज असा. हॉस्टेलच्या खोलीत १५ ते २५ वॅट भरपूर. साध्या गिटार-पेटीबरोबर छोट्या सभागृहात ४० ते ५० वॅट आणि १० इंची स्पीकर पुरेसा. मोठा ड्रमसेट आला की १०० वॅटला पर्याय नाही. बॅटरीवर चालणारे तीन-चार वॅटचे छोटे अ‍ॅम्प दिसतात गोंडस, पण कहॉनच्या दोन थापांखाली दबून जातात.

काही जणांनी विचारलं, ‘कॉलेजची ध्वनियंत्रणा आहे ना, तिलाच जोडा की!’ प्रश्न रास्त आहे. पण ते स्पीकर भाषणासाठी बसवलेले आहेत. बोलण्याचा आवाज नीट यावा म्हणून खालचे सूर त्यात मुद्दामच कमी असतात. आणि रोजच्या सरावाला सभागृह कुठे मिळतं? ‘घरात पडलेला साधा गिटार अ‍ॅम्प वापर’ असाही सल्ला आला. नको! त्याच्या स्पीकरचा पातळ पडदा बेसच्या धक्क्यांसाठी केलेला नसतो. आवाज वाढवला तर फाटतो.

शब्दांचं काय?

साहित्य मंडळ म्हणून आपल्याला खरी काळजी इथे हवी. कविता गायची म्हणजे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजेत. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’ यांची धार सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वरच्या पट्ट्यात असते, आणि तिच्यात ताकद फार कमी असते. कानाचा स्वभाव असा, की खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. उलटं तितकंसं होत नाही. म्हणजे बेस जास्त झाला तर लोक टाळ्या वाजवतील, पण कविता कुठली होती ते घरी जाऊन सांगता येणार नाही.

म्हणून अ‍ॅम्पला खालचा, मधला आणि वरचा पट्टा वेगवेगळा कमी-जास्त करणारी बटणं हवीतच. गायनात सगळ्यात गोंधळ होतो १५० ते ३०० कंपनांच्या भागात, कारण गायिकांच्या आवाजाचा पाया तिथेच असतो. तो भाग थोडा उतरवला की शब्द मोकळे होतात.

जागेचाही हिशेब असतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला तर भिंती खालचे सूर फुगवतात. आपल्या चॅपलच्या उंच छताखाली आवाज आधीच घुमतो, तिथे अ‍ॅम्प खुर्चीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. अंगणात उलट करायचं : भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला की पैसे न देता बेस वाढतो.

वजन आणि वीज

अ‍ॅम्प नेणार कोण? आपल्यापैकी कुणाकडे गाडी नाही. ऑटो, मेट्रो किंवा मागच्या सीटवर मांडीवर धरून स्कूटर. मेट्रो स्टेशनचे जिने चढताना एका हातात अ‍ॅम्प, पाठीवर गिटार, म्हणून माझी मर्यादा १० किलो. उदाहरणादाखल, फेंडरचा ‘रंबल ४०’ हा १० इंची स्पीकरचा अ‍ॅम्प सुमारे सव्वाआठ किलोंचा आहे, तर त्याचाच १२ इंची भाऊ ‘रंबल १००’ सुमारे दहा किलोंचा. ‘रंबल ४०’ ला ध्वनियंत्रणेत थेट जोडायची जागाही आहे. ऑरेंजचा ‘क्रश बेस २५’ हा ८ इंची. त्यात स्वर जुळवायचा ट्यूनर आतच बसवलाय, हेडफोनचीही सोय आहे. एकट्याच्या रियाजाला उत्तम, अंगणाला तोकडा.

विजेची बाब मात्र जिवाशी आहे. हैदराबादेत मराठी घरटी कुणी ना कुणी अमेरिकेत असतोच, ‘तिकडून आणतो’ असंही एका सभासदानं सुचवलं. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागच्या बाजूला २३० लिहिलेलं नसेल तर इथे लावताच अ‍ॅम्प जळेल. वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला तर हलकेपणा गेला. दुसरं, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागी बसावा म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. वादकाचा हात तारांवर असतो, आणि तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं तर वीज वाट काढते ती वादकाच्या अंगातून. गायिकेच्या ओठांजवळ माइक असतो, तिलाही हाच धोका. कार्यक्रमाआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घेणं हा खर्च टाळायचा नाही.

आणखी एक गंमत. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते, आणि जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर असतो ४९ कंपनांचा. म्हणजे विजेची गुणगुण नेमकी आपल्या सुराच्या शेजारी येऊन बसते. दुकानात अ‍ॅम्प चालू करून, न वाजवता, आधी ती गुणगुण ऐकायची.

दुकानात जाताना

स्वतःची गिटार आणि वायर घेऊन जा. दुकानातली महागडी गिटार लावली की कुठलाही अ‍ॅम्प चांगला वाटतो. जाड तार सुटी, जोरात वाजवा आणि आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्या. फडफड, खरखर येते का बघा. बटणं फिरवताना चरचरली तर आत धूळ किंवा झीज आहे. दोन पावलांवर नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका, म्हणून सोबत कुणीतरी हवंच. शेवटी अ‍ॅम्प उचलून दुकानाबाहेर एक फेरी मारा. हात काय ते सांगेल. जुना घेत असाल तर अर्धा तास चालू ठेवून मग निर्णय घ्या. वायर आणि प्लग कोठीच्या गुजराती गल्लीत स्वस्त मिळतात, त्यासाठी अ‍ॅम्पवाल्याला जास्त पैसे देऊ नयेत.

तर माझा प्रस्ताव असा : सॉलिड स्टेट, ४० ते ५० वॅट, १० इंची स्पीकर, १० किलोंच्या आत, हेडफोनची सोय असलेला आणि ध्वनियंत्रणेला जोडता येणारा अ‍ॅम्प. नवा वर्गणीत बसला नाही तर तपासून घेतलेला जुना. अ‍ॅम्प मंडळाच्या नावावर राहील, नोंदवहीत सही करून कुणीही सभासद नेईल. मी पुढच्या वर्षी पास होऊन जाईन, तेव्हा तो नव्या पोरांच्या हाती असेल. म्हणून माझ्या आवडीपेक्षा टिकाऊपणा आधी बघूया. बैठक शुक्रवारी आहे. येताना आपापली गिटार नाही आणली तरी चालेल, कान मात्र घेऊन या.