लॅपटॉप जुना झालाय की नुसता तापलाय? बायोसमधून प्रोसेसरचं तापमान आवरा

व्हिडिओत बायोसच्या स्क्रीन भराभर सरकल्या. पॉज करून एकेक नाव वाचायचा कंटाळा येतो, म्हणून सेटिंगची नावं आणि त्यामागचं कारण इथे लिहून देतोय.

समजा, तुम्ही अकोल्यात लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करता. मे महिना, बाहेर ४४ अंश, दुकानात एसी नाही. जानेवारीत वीस मिनिटांत होणारं एक्स्पोर्ट आता अर्धा तास झाला तरी संपत नाही, आणि संध्याकाळी पार्टी पेनड्राइव्ह घ्यायला येणार आहे. रिपेअरवाला म्हणतो, "जुना झाला, नवीन घ्या." म्हणजे पन्नास-साठ हजार गेले. धंदा नुकता सुरू केलेल्या माणसासाठी ही रक्कम म्हणजे दोन-तीन महिन्यांचं भाडं. ती खर्च करायच्या आधी अर्धा तास काढा.

घडतं काय, तर प्रोसेसरला तापमानाची एक हद्द घालून दिलेली असते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची ती १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. आता हिशोब बघा. काम तेच आणि वीज तेवढीच असेल, तर प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा साधारण तेवढाच जास्त तापतो. जानेवारीत खोली २४ वर आणि प्रोसेसर ८५ वर होता. मे महिन्यात खोली ४० वर गेली की प्रोसेसर थेट १०० ला टेकतो. मशीन तेच आहे, हाताशी असलेले पंधरा-सोळा अंश उन्हाळ्याने खाल्ले.

आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सेन्सर उघडे ठेवा आणि नेहमीचं एक्स्पोर्ट लावा. तापमान, वेग आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' समोर यस की नो, एवढं बघायचं. तापमान ७५ वर असूनही वेग पडलेला दिसला तर रोग वेगळा आहे. डेलवाल्यांनी अशा वेळी चार्जर तपासावा. लोकल चार्जर मशीनला ओळखता आला नाही, तर डेल मुद्दाम प्रोसेसर हळू चालवतो. नवीन लॅपटॉप घ्यायला निघालेल्या माणसाचं काम कधी कधी चांगल्या चार्जरवर भागतं!

थ्रॉटलिंग 'यस' आलं तर बायोसमध्ये जा. मशीन सुरू होताना डेल, एसर, आसुसवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१ दाबत राहायचं. आपल्यातले बरेच जण रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घेतात, आणि माझ्या मते पहिल्या मशीनसाठी तोच शहाणपणाचा सौदा आहे, कारण या मॉडेलच्या बायोसमध्ये सेटिंग भरपूर मिळतात. थिंकपॅड टी४८० घ्या. कॉन्फिग, मग पॉवर, तिथे 'अडॅप्टिव्ह थर्मल मॅनेजमेंट'. चार्जर आणि बॅटरीसाठी वेगवेगळं 'मॅक्सिमाइज परफॉर्मन्स' किंवा 'बॅलन्स्ड' निवडता येतं. नव्या डेल लॅटिट्यूडमध्ये 'थर्मल मॅनेजमेंट'खाली ऑप्टिमाइज्ड, कूल, क्वाएट, अल्ट्रा परफॉर्मन्स असे पर्याय येतात. उन्हाळ्यात 'क्वाएट' नको. त्यात फॅनचा आवाज कमी ठेवण्यासाठी वेग मारला जातो. एचपीच्या 'फॅन ऑलवेज ऑन'चा फायदा किरकोळ आहे, पूर्ण लोडवर फॅन तसाही पळतच असतो.

खरा निर्णय टर्बोचा. डेलच्या बिझनेस मॉडेलमध्ये 'परफॉर्मन्स' विभागात 'इंटेल टर्बोबूस्ट'ची टिक काढता येते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. बाइक ५० वरून ८० वर नेली की पेट्रोल कशी पिते, तसंच. म्हणून टर्बो काढला की उष्णता झपकन उतरते. पण किंमत मोजावी लागते. आय५-८२५०यू हा रिफर्बिश्ड बाजारात सर्रास मिळणारा प्रोसेसर टर्बोसह जास्तीत जास्त ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, टर्बोशिवाय १.६ वरच थांबतो. बिलिंग, टॅली, जीएसटीची कामं असतील तर बिनधास्त काढा, फरक क्वचित जाणवेल आणि फॅनचा गोंगाट जाईल. व्हिडिओ एक्स्पोर्ट हाच धंदा असेल तर टर्बो ठेवा, आधी वरची थर्मल सेटिंग बदलून बघा. एका वेळी एकच सेटिंग बदलायची, तेच एक्स्पोर्ट पुन्हा चालवायचं आणि वेळ वहीत लिहायची. अंदाजावर जाऊ नका.

घरगुती मॉडेलच्या बायोसमध्ये यातलं काहीच नसलं तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. त्याने टर्बो थांबतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.

व्होल्टेज कमी करायचा सल्लाही कुणीतरी देईल. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायोस अपडेटमधून ती वाट बंद केली गेली. त्या वाटेसाठी जुना बायोस टाकू नका. ज्या मशीनमध्ये गिऱ्हाइकांचे फोटो आणि तुमचे हिशोब आहेत, तिथे सुरक्षेशी खेळ परवडत नाही.

बायोस अपडेट मात्र जरूर बघा, फॅनचं वागणं कधी कधी त्यातच सुधारतं. अपडेट करताना चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली हवी, मध्येच बंद पडलं तर मशीन उठणार नाही. आणि त्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. नाहीतर मशीन सुरू होताना की मागेल, आणि ती नसली तर डेटा आतच अडकेल. डेटाची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधीच घेतलेली असावी, हे सांगायला नकोच.

एवढं करूनही मशीन १०० लाच टेकत असेल, तर आत धूळ साचलीय किंवा पेस्ट सुकलीय. ते सेटिंगने सुटत नाही. फॅन साफ करून पेस्ट बदलून घ्या. पुढच्या भागात टी४८० उघडून ते काम करून दाखवतो, छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा.