पुढच्या वाहनापासूनचे अंतर

बडनेरा जंक्शनच्या परिसरात वाढलेल्या आपल्या मुलांना हे सांगावे लागत नाही, की पुढची आगगाडी आपला टप्पा सोडून गेल्याखेरीज मागच्या गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. महामार्गावर मात्र दोन वाहनांमधील अंतर राखणारा एकटा चालकच असतो.

हा विषय आम्ही स्मरणिकेसाठी हेतुपुरस्सर निवडला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी वस्त्यावस्त्यांतून चार-पाच वाहने एकत्र दीक्षाभूमीकडे निघतात आणि ‘ताफा तुटू नये’ म्हणून एकमेकांना खेटून चालतात. सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. परतताना रात्र, चालक दमलेला. आमच्या मते या प्रवासातील सर्वांत धोक्याची सवय हीच होय.

२०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता विनियमांतील तेविसावा विनियम सांगत असे, की पुढचे वाहन अचानक मंदावले वा थांबले तरी धडक होऊ नये इतके पुरेसे अंतर मागच्याने ठेवावे. ‘पुरेसे’ म्हणजे किती मीटर, हे तेथे दिलेले नव्हते. ते योग्यच, कारण हे अंतर वेगावर ठरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पुढचे लाल दिवे पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढा रस्ता संपतो. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगळे, आणि वेग दुप्पट झाला की तेही चौपट होते.

म्हणून अंतर सेकंदांत मोजावे. पुढचे वाहन किलोमीटरच्या दगडाजवळून गेले की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे म्हणावे. मोजणी संपण्यापूर्वीच आपण त्या दगडाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात व धुक्यात मोजणी दुप्पट करावी.

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गुळगुळीत रस्त्यावर वेग नकळत वाढतो. पण हंगामात कापसाने ओसंडलेल्या ट्रॉल्याही त्याच रस्त्याने जातात, आणि त्यांचे मागचे दिवे बहुधा झाकलेलेच असतात.

ताफ्याने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच थांबे ठरवावेत : तिवसा, तळेगाव, कोंढाळी. सर्व चालकांकडे एकमेकांचे मोबाईल क्रमांक असावेत. मध्ये परके वाहन शिरले तर शिरू द्यावे, आणि वेग कमी करून पुन्हा अंतर घ्यावे. तळेगावला जो आधी पोहोचेल, त्याने सर्वांचा चहा सांगून ठेवावा.