वाचलंय, पण आठवतंय का?

पी.एल. लागली की आपल्या होस्टेलचं रूपच पालटतं. कॉरिडॉरमधलं क्रिकेट बंद होतं, झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, मेसमध्ये ताटाशेजारी नोट्स येतात आणि रात्री दोन वाजता कुठल्या तरी खोलीतून मॅगीचा वास येतो. जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "तुझं किती वाचून झालं?" पण "तुला किती आठवतंय?" असं कुणी कुणाला विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मित्रांनो, हा सगळा लेख या दोन प्रश्नांमधल्या फरकाबद्दल आहे.

थर्ड इयरला आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यावर यंदा दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. एक ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतलेलं मानसशास्त्र. दुसरी प्लेसमेंटसाठी द्यायची नेटवर्किंगची सर्टिफिकेशन परीक्षा. पहिलीत पानंच्या पानं लिहायची, दुसरीत कॉम्प्युटरसमोर बसून पर्यायावर क्लिक करायचं. वरवर बघता दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास कसा करायचा, याचं उत्तर पहिल्या परीक्षेच्या सिलॅबसमध्येच आहे! 'स्मरण आणि विस्मरण' हा चॅप्टर आपण मार्कांसाठी वाचतो आणि स्वतःला लावून बघायचं तेवढं राहून जातं.

विसरणं मोजणारा माणूस

हर्मान एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्याने १८८५ साली स्मरणशक्तीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. तो स्वतःवरच प्रयोग करायचा. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचा. २० मिनिटांनी त्याचे सुमारे ५८ टक्के श्रम वाचत. एक दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के.

हे आकडे नीट बघा. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या दिवसातच होते, नंतर वेग मंदावतो. आपल्या पुस्तकातल्या मजकुराला अर्थ असतो, त्यामुळे तो निरर्थक अक्षरांइतक्या झटपट जात नाही हे खरं. पण उताराचा आकार साधारण तसाच असतो. म्हणजे आज लेक्चरला समजलेलं उद्या धूसर झालं, तर ते डोकं कमी असल्याचं लक्षण नाही. डोकं असंच चालतं.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं

आता दुसरा प्रयोग. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत तो फक्त पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचन केलं आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता जेवढं आठवेल तेवढं कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. एका आठवड्याने घेतली तेव्हा मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. "आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?" असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त कॉन्फिडन्स वाचणाऱ्या गटालाच होता!

आपलं नेमकं इथेच फसतं. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, हायलायटरच्या पिवळ्या रेषा ओळखीच्या वाटतात, आणि मन म्हणतं, "हे येतंय मला." रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तशीच ही ओळख. पेपरमध्ये चेहरा दाखवून मार्क मिळत नाहीत, तिथे नावच सांगावं लागतं.

मानसशास्त्राच्या पेपरसाठी: कोरा कागद

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. एक टॉपिक एकदा नीट समजून वाचा. पुस्तक बंद करा. जुन्या जर्नलची पाठकोरी पानं घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं न बघता लिहा: व्याख्या काय? कुणी मांडलं? प्रयोग कसा केला? रोजच्या आयुष्यातलं उदाहरण कोणतं? यावर आक्षेप कोणता घेतला जातो? मग पुस्तक उघडून लाल पेनाने गाळलेलं भरा. लाल शाई जिथे जास्त, तिथे उद्याचा अभ्यास.

पावलॉव्हचंच घ्या. कुत्रा, अन्न आणि लाळ एवढं सगळ्यांना आठवतं. पण मूळ उद्दीपक कोणता, अभिसंधित उद्दीपक कोणता आणि दोन्ही वेळची प्रतिक्रिया कोणती, हे कागदावर लिहायला बसल्याशिवाय गोंधळ कळतच नाही. (पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. ओरलला विचारतात, लक्षात ठेवा.)

दुसरी घोटाळ्याची जागा म्हणजे स्किनरचं निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. नाव ऐकून निम्मा वर्ग त्याला शिक्षा समजतो. नियम सोपा आहे: रिइन्फोर्समेंटने वागणूक वाढते, शिक्षेने कमी होते. कारमध्ये सीटबेल्ट लावेपर्यंत टिंग टिंग वाजत राहतं. बेल्ट लावला की कटकट थांबते, म्हणून आपण पुढच्या वेळी लगेच लावतो. नकोशी गोष्ट दूर झाली आणि वागणूक वाढली, हे झालं निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. होस्टेलला उशिरा आलं म्हणून रेक्टरमॅडमनी दंड केला आणि उशिरा येणं कमी झालं, ही शिक्षा. स्वतःचं उदाहरण तयार करता आलं म्हणजे कन्सेप्ट बसला असं समजा. पुस्तकातलंच उदाहरण आठवत असेल तर अजून एक राउंड बाकी आहे.

सर्टिफिकेशनसाठी: मिसळून सोडवा

टेक्निकल परीक्षेत पाठांतराचा भाग थोडा असतो. एसएसएचचा पोर्ट २२, डीएनएसचा ५३, एचटीटीपीएसचा ४४३, हे पाठच हवं. बाकी सगळं करता यायला लागतं. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.७७ /२६ हा पत्ता दिला आणि नेटवर्क विचारलं. ३२ बिट्सपैकी २६ गेले, उरले ६, म्हणून ६४-६४ पत्त्यांचे गट. ७७ हा ६४ ते १२७ या गटात येतो. म्हणजे ६४ नेटवर्कचा पत्ता, १२७ ब्रॉडकास्टचा आणि मधले ६२ वापरायला. हे वाचताना सोपं वाटतं. पण कागद बंद करून /२७ घेऊन १९२.१६८.१०.१०० साठी करून बघा, तेव्हा खरं कळेल. (उत्तर: नेटवर्क ९६, ब्रॉडकास्ट १२७, वापरायला ३०.)

इथे आपण सगळे एक गोष्ट करतो. सबनेटिंगची तीस गणितं ओळीने सोडवायची, मग राउटिंगची तीस. विसावं गणित भराभर सुटतं आणि हात बसला असं वाटतं. रोअरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली गणितातच हे तपासलं. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं आकारमान काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले.

कारण उघड आहे. सलग सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत तेच तर ठरवायचं असतं! म्हणून सरावाच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, हलवा आणि एकेक काढा. प्रत्येक प्रश्नाला बरोबर पर्याय का बरोबर आणि बाकीचे तीन का चूक, हे चार वाक्यांत मोठ्याने सांगा. घड्याळ लावूनच बसा. सीसीएनएच्या सध्याच्या परीक्षेला १२० मिनिटं मिळतात आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. "अवघड नंतर बघू" ही आपली कायमची सवय तिथे चालत नाही.

आता डम्पविषयी. फोनवर फिरणाऱ्या या 'खऱ्या' प्रश्नांच्या फाइल्सबद्दल स्पष्टच लिहिते. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं नियमात बसत नाही, हा एक भाग. शिवाय अशा फाइलमधली उत्तरं कुणी तपासलेली नसतात आणि पाठ केलेला 'ब' पर्याय प्रश्न जरा बदलला की उपयोगाचा राहत नाही. आणि समजा पास झालात, तरी इंटरव्ह्यूला समोरचा माणूस कोरा कागद आणि पेनच पुढे करतो.

डबे, दिवस आणि झोप

एकदा आठवून बघितलं की काम संपलं असं नाही. एबिंगहाउसचा उतार लक्षात आहे ना? घसरायच्या आत पुन्हा आठवायचं. यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली डब्यांची एक साधी पद्धत मांडली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या डब्यात. पहिला डबा रोज बघायचा, पुढचे डबे हळूहळू जास्त दिवसांनी. आमच्या खोलीत चपलांचे तीन रिकामे खोके आहेत: रोजचा, तीन दिवसांचा आणि रविवारचा. खर्च शून्य!

आणि नाइट मारणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. १९२४ साली जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाठ केल्यावर ते झोपले तर कमी विसरत, तेवढेच तास जागे राहिले तर जास्त. त्यानंतर शंभर वर्षांत झोपेवर पुष्कळ काम झालं आहे आणि झोपेत आठवणी पक्क्या व्हायला मदत होते हे आज मानलं जातं. पहाटे चारपर्यंत जागून दहाच्या पेपरला जाणारा आपलंच वाचलेलं वाया घालवतो.

"माझ्या डोक्यातच राहत नाही"

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने का लिहिते आहे, तेही सांगते. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली आहे. मागच्या वर्षी तिने सर्टिफिकेशनची परीक्षा दिली. फी तिच्या भावाने पगारातून भरली होती. जाडजूड पुस्तक तिने दोनदा अक्षरन् अक्षर वाचलं आणि थोडक्यात हुकली. त्यानंतर ती एकच वाक्य धरून बसली, "माझ्या डोक्यातच राहत नाही. तुम्ही इंग्लिश मीडियमवाले, तुमचं वेगळं आहे." इंजिनिअरिंग सोडायच्या गोष्टीसुद्धा बोलून झाल्या.

माझं तिला एकच सांगणं होतं. इंग्लिश वाक्य मला भरभर वाचता येतं, यात शंका नाही. पण भरभर वाचणं म्हणजे आठवणं नव्हे, हे वरचे प्रयोग सांगतात. तेव्हापासून आम्ही रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास एकमेकींना शिकवतो. पुस्तक बंद ठेवायचं आणि सांगायचं मराठीत, ही अट. ती मला राउटिंग समजावते, मी तिला स्किनर. ती मध्येच "म्हणजे काय गं?" विचारते, तेव्हा इंग्लिश व्याख्येचा आडोसा घेता येत नाही, अर्थच सांगावा लागतो. तिची पुन्हा परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते लागेल. पण सबनेटिंग अडलं की आमच्या मजल्यावरच्या मुली आता तिच्याकडे येतात, आणि डोकं नसल्याची भाषा गेले कित्येक दिवस तिच्या तोंडून ऐकलेली नाही.

तिच्यासारखं "मी ढ आहे" असं मनात धरून बसलेलं कुणीतरी प्रत्येक मजल्यावर आहे. ज्युनिअर्समध्ये तर जास्तच. त्यांना नुसतं "टेन्शन घेऊ नको" म्हणू नका. त्यांच्या हातात एक कोरा कागद द्या आणि शेजारी बसा.

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. लेक्चरची पहिली पाच मिनिटं कालच्या धड्यावर तीन प्रश्न द्यावेत, मार्क न लावता. मार्क नसले की कॉपी करायचं कारणच उरत नाही आणि आम्हाला काय येत नाही ते पेपरच्या आधी कळतं.

असो. लेख लांबला. माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या. आता अंक मिटा आणि न बघता सांगा: आठवड्याने कुणाला जास्त आठवलं, वाचणाऱ्यांना की लिहून बघणाऱ्यांना? किती टक्के? मिसळून सोडवल्याने फायदा का होतो? जमलं तर अभ्यास सुरू झाला. नाही जमलं तर कुठून वाचायचं ते कळलं.

सर्वांना परीक्षेसाठी ऑल द बेस्ट!