देवळातला माईक शिट्टी का मारतो?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने साउंड सिस्टीम घेतली. देवळात आवाज जरा वाढवला की माईक शिट्टी मारतो. काय करावे?

उत्तर : आधी स्पीकर हलवा. ते गायकांच्या पाठीमागे असतील तर स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. मॉनिटर (गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) हवाच असेल तर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माईकच्या बरोबर मागच्या बाजूला. तिथला आवाज तो सर्वांत कमी घेतो. माईकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो, हे बुवांना जरूर सांगा. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबल जास्त मिळतात. टाळांना वेगळा माईक नकोच. इक्वलायझरला हात सर्वांत शेवटी.